लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

बाळाला दीड महिन्याची लस टोचली की आईला आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो. काही रिअ‍ॅक्शन आलीच तर ती केंद्रातच लक्षात यावी, म्हणून तसा नियम आहे. पहिली पाच-दहा मिनिटं लेकराला उगी करण्यात जातात, मग मोबाइल निघतो, आणि मग "जाऊ का जी सिस्टर?" सुरू होतं. मी नागपुरात, शहराच्या पूर्वेकडच्या एका नागरी आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आहे. लसीकरणाच्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते, तरी या अर्ध्या तासातली काही मिनिटं मी राखून ठेवते.

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्याच असतात. आज कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेव, येताना घेऊन ये. पाचवी गोष्ट मी माझ्या मनाने जोडली आहे. ती सांगायची नसते, विचारायची असते. "दिवस गेल्यावर जे सोडलं होतंस, ते परत सुरू झालं का गं?"

"जे" म्हणजे तंबाखू, हे नागपुरात फोड करून सांगावं लागत नाही. आमच्याकडच्या भिंतींवरच्या पोस्टरांवर मात्र कायम सिगारेटच असते, धूर सोडणारी, वर लाल फुली मारलेली. ते पाहून आमच्या बाया निर्धास्त होतात, "मी थोडीच ओढते!" २०१६-१७ साली तंबाखूची देशभर मोठी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रात ओढणारे निघाले ३.८ टक्के, आणि चघळणारे, घासणारे, तोंडात धरणारे २४.४ टक्के. देशभरातल्या बायकांचं पाहिलं तर ओढणाऱ्या २ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. आमच्या वस्तीत तो बिनधुराचा प्रकार म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखू-चुना एकत्र घोटलेला. छत्तीसगडकडून आलेल्या घरांत गुडाखू, दातांना घासायची ओली तंबाखू. तेव्हा बाळंतिणीला धुरापासून लांब ठेवा असं कोणी म्हटलं, की मी त्यात खर्रा धरते, नवऱ्याची बिडी धरते, आणि खिडकीतला कूलरसुद्धा धरते. कूलरचं पुढे सांगते.

प्रश्न विचारायचा कसा, यावरच सगळं अवलंबून आहे. सासू शेजारी बसलेली असताना "तंबाखू खातेस का?" म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "नाही जी." म्हणून आधी सासूला कामाला लावायचं. "काकू, तेवढी कार्डावर नोंद करून आणता का तिकडून?" काकू उठल्या की आईला विचारायचं, घरी कोण कोण खाते? मग यादी सुरू होते. सासरे बिडी पितात, यांना खर्रा लागते, दीर लपून सिगारेट ओढते, आजेसासूला गुडाखूशिवाय सकाळ होत नाही. यादी संपत आली की आवाज थोडा खाली येतो, "मी बी खात होती. पहिले."

या "पहिले"पासून खरं बोलणं सुरू होतं.

गरोदरपणात सोडणं तुलनेने सोपं जातं, हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता नवल वाटत नाही. उलट्या सुरू झाल्या की तंबाखूचा वासच नको होतो. शिवाय सगळ्या घराचे डोळे तिच्या पोटावर. तपासणीला आली की डॉक्टर विचारतात, आम्ही विचारतो, आशाताई घरी जाऊन विचारते. बाळाचं वजन कमी भरेल ही भीती असते, आणि ती खोटी नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली तो छापून आला. ओढणाऱ्या नव्हेत, तर मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायका. त्यांची बाळं इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अडीच किलोच्या काठावरच्या लेकरासाठी १०५ ग्रॅम म्हणजे किती, हे वजनकाट्यापाशी उभ्या राहणाऱ्या कोणत्याही सिस्टरला विचारा.

मग बाळ होतं. उलट्या थांबतात, चव परत येते, आणि सगळं घर वळतं पाळण्याकडे. आशाताईच्या फेऱ्या होतात, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पण तेव्हाही बोलणं बाळाच्या वजनावर, तापावर, नाळेवर. आईला विचारलं जातं ते दुधाबद्दल. तिच्या तोंडात काय आहे, हे बघायला आता कोणी नसतं. परदेशात गरोदरपणी सिगारेट सोडलेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास, बाळ वर्षाचं व्हायच्या आत पुन्हा ओढायला लागतात, असं तिथल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. खर्ऱ्याबद्दल माझ्याकडे आहे ती माझ्या बाकड्यावरची माहिती. दीड महिन्याला "सोडलं जी" म्हणणारी अडीच महिन्याला नजर चुकवते, आणि साडेतीन महिन्याच्या लसीला ओढणीचा पदर तोंडावर धरून बोलते.

अशीच एक. कळमन्याच्या मार्केटात मिरची साफ करायला जाणारी, वय चोवीस. खर्रा लग्नाआधीपासून. तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी सुटला, आणि बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत परत आला. तो कसा आला, ते सविस्तर सांगते, कारण असं बऱ्याच घरांत होतं.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. पोट सुटते, लेकराला सर्दी होते. पालेभाजी नाही, फळ नाही. डिंकाचे लाडू, तूप, भात. वरून खाली टाके. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट गच्च. टाक्यांच्या भीतीने ती संडासला जायलाच तयार नाही. तेव्हा तिच्याच आईने मायेपोटी सांगितलं, "चिमूटभर तोंडात धर वं, साफ होते." आणि झालंही. निकोटीनने आतड्याला चालना मिळते, ही काही निव्वळ अंधश्रद्धा नाही. म्हणून तर "खर्रा वाईट" एवढं म्हणून भागत नाही. जिला त्याने आराम पडला, तिला तुम्ही खोटं पाडायला जाता, आणि ती पुढच्या वेळी सांगायचं बंद करते.

मी तिच्याशी खर्ऱ्याबद्दल बोललेच नाही आधी. पाण्याबद्दल बोलले. लेकराला पाजायला बसलीस की प्रत्येक वेळी एक गिलास पाणी स्वतः प्यायचं. डाळीत पालक-मेथी. एवढ्याने नाही भागलं तर डॉक्टरांना सांगायचं, पाजणाऱ्या आईला चालेल असं औषध ते देतात. तिच्या आईला वेगळं समजवावं लागलं. ती काही ऐकायला तयार नव्हती, "आमी का बाळंतपणं केली नाही का जी?" केली ना काकू, म्हटलं, आणि तुम्हाला मूळव्याध कधी झाली? काकू हसायला लागल्या. पाण्याची परवानगी मिळाली.

पण पोट हे एकच कारण नव्हतं. दुसरं रात्रीचं. "तीन वाजता लेकरू उठते. सगळे झोपले असतात. हे घोरते. उशीपाशी यांची पन्नी राहते." यापुढे तिने काही सांगितलं नाही, लागलंही नाही. ज्यांना नागपूरची पन्नी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोट घोट घोटतात आणि तीच पुडी बांधून देतात. सिगारेटच्या पाकिटावर, बिडीच्या कट्ट्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, सोडायला मदत करणारा फोन नंबर असतो. पन्नीवर काहीच नसतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी होऊन २०१२ पासून किती वर्षं झाली, आणि खर्रा तर तुमच्या डोळ्यांदेखत घोटला जातो.

नवऱ्याला बोलावलं. नवरे लसीकरणाला येतात, पण बाहेर गाडीवर बसून राहतात, आत बोलवावं लागतं. त्याला खर्रा सोड म्हटलं असतं तर तो पुढच्या वेळी गाडीवरही आला नसता. एवढंच मागितलं, की पन्नी घरात आणायची नाही, गाडीच्या डिकीत ठेवायची. तलफेचा जोर सहसा काही मिनिटांचाच असतो. तेवढ्या मिनिटांत हाताशी काय आहे, यावर गाडी कोणत्या बाजूला जाते ते ठरतं. तीन वाजता उठून, चावी शोधून, डिकी उघडायला कोणी बाळंतीण बाहेर जात नाही.

आणि उशीपाशी काय ठेवायचं? ते आमच्या बाळंतिणीच्या खोलीत आधीपासूनच असतं, हे मला फार आवडतं. भाजलेली बाळंतशेप, ओवा, तीळ, खोबऱ्याचा कीस, थोडं सैंधव. जेवणानंतर द्यायची ती डबी. फक्त तिच्यात सुपारी घालू नका. काही घरांत विड्यात सुपारी देतात, वर "तंबाखू थोडीच आहे" म्हणतात. नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केलेलं आहे. शिवाय सुपारीची चव जिभेवर आली की खर्ऱ्याची आठवण लांब राहत नाही.

त्या मुलीला मी म्हटलं, तीन बोटं उभी जोडून तोंडात घालून दाखव. हे कोणीही घरी करून बघू शकतं, एकावर एक तीन बोटं, उभी. तिची दोनच गेली. चोविसाव्या वर्षी. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडायचं कमी होत जातं. तिला वाटायचं, आपलं तोंड आहेच लहान. मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. तिथे ती गेली. का गेली, तर तिखट लागलं की तोंड आत आग आग होते, ते बरं होईल म्हणून. लेकरासाठी ती आधीच पुष्कळ करत होती, हे मात्र तिने स्वतःसाठी केलं, आणि बाळंतिणीकडून असं काही करून घ्यायचं तर फार मिनतवारी करावी लागते.

दुधाचं एक सांगायलाच हवं, कारण त्यात अर्धवट माहितीने मोठं नुकसान होतं. आईने तंबाखू खाल्ली किंवा सिगारेट ओढली की निकोटीन दुधात उतरतं, आईच्या रक्तात असतं त्याहून दुधात जास्त. बाळ नीट झोपत नाही, चिडचिड करतं. म्हणजे ज्या जागरणाने तिला तलफ येते, ते जागरण ती तलफ भागवूनच वाढवते. दूधही कमी येऊ शकतं. हे ऐकल्यावर पुष्कळ जणी, आणि खेदाने सांगते, काही शिकलेले नातेवाईकही, लगेच म्हणतात, मग अंगावरचं बंदच करू. नाही. अजिबात नाही. तंबाखू सुटलेली नसली तरी अंगावरचं दूध वरच्या दुधापेक्षा बाळाच्या फायद्याचंच आहे. उलट धूर असलेल्या घरात तर त्याची जास्त गरज. सुटत नसेल तर निदान आधी पाजायचं आणि मग काय ते. साधारण दोन तासांत दुधातलं निकोटीन निम्म्यावर येतं, तेव्हा पुढच्या पाजण्याआधी जितका वेळ जाईल तितकं बरं. दूध पिळून फेकायची गरज नाही.

हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे एक अगदी वेगळी मुलगी आली होती. वस्तीच्या पलीकडे नवे फ्लॅट झालेत, तिथे तिचं माहेर. नोकरी पुण्याला, कॉम्प्युटरवाली. इंग्रजी मिसळून बोलणारी, कार्ड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. तिला मी पाचवा प्रश्न विचारायलाच नको होता असं तिच्या आईच्या चेहऱ्यावरून वाटलं. आई नोंद करायला गेली आणि मुलीने डोळे पुसले. लग्नाआधीपासून सिगारेट. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवशी सोडली. माहेरी आल्यापासून कोणाला पत्ता नाही. मैत्रीण भेटायला आली, दोघी गच्चीवर गेल्या, आणि झालं. त्यानंतर दोनदा. "सिस्टर, मी फीड करणं थांबवू का? मला बाळाला हात लावायचीसुद्धा भीती वाटते."

खर्रा खाणारीला निदान सोबत असते. आई, सासू, मार्केटातल्या बाया, सगळ्यांनाच ठाऊक. सिगारेट ओढणारी नागपूरची लेक मात्र अगदी एकटी. तिच्या आईला कळलं तर बाळाच्या फुप्फुसाआधी चर्चा होईल ती मुलीच्या चारित्र्याची. म्हणून ती लपवते, आणि लपवायची गोष्ट गच्चीवर, रात्री, घाईघाईत होते. मला तिच्या तीन सिगारेटींपेक्षा तिच्या भीतीची जास्त काळजी वाटली. झोप कशी आहे, रडू किती येतं, बाळाला बघून काय वाटतं, हे विचारलं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं साहजिक. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, आणि बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तिने तो तिथेच मोबाइलमध्ये घातला. नाव काय टाकलं ते बघितलं, "पार्लर"!

तिची खरी परीक्षा पुण्यात होती. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे, म्हणजे बाळ सहा महिन्यांच्या आत-बाहेर असताना परत ऑफिस, परत चहा, परत सगळ्यांबरोबर खाली जाणं. ती म्हणाली, "ब्रेकला खाली नाही गेले तर मी टीममध्येच नाही असं होतं." मग आम्ही दोघींनी मिळून एक हिशेब लावला. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, या नेहमीच्या सुट्टीच्या वर, तिला कायद्याने मिळतात. पाळणाघर जवळ नसेल तर त्या वेळेत दूध काढून ठेवायचं. ब्रेकची वेळ तीच, जागा वेगळी. तिने व्हेपचंही विचारलं. ते २०१९ पासून देशात बंदच आहे, आणि निकोटीन तिथेही असतंच.

आता कूलर.

एप्रिल लागला की नागपुरात खिडकी-खिडकीत कूलर बसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास, तेव्हा बाळ-बाळंतीण दुपारभर त्याच्याच झोतात. आणि प्रत्येक घरातला पुरुष मला छातीठोकपणे सांगतो, "सिस्टर, मी घरात ओढतच नाही. बाहेर जातो." एका घरी गृहभेटीला गेले तेव्हा हे "बाहेर" बघायला मिळालं. दोन घरांमधली अरुंद सांद. उन्हातून सुटका म्हणून तो कूलरला टेकूनच उभा. ताट्यांतून पाणी झिरपतं, तिथे गार असतं ना. बोटांत बिडी. कूलर हवा ओढतो ती बाहेरून, त्या ताट्यांमधून, आणि सोडतो आत, सरळ गादीवर. ओल्या ताटीने धूर अडत नाही.

बोलून पटलं नसतं. त्याच्याच घरातली एक अगरबत्ती मागितली, पेटवून कूलरच्या ताटीपाशी त्याच्या हातात दिली, आणि थोड्या वेळाने म्हटलं, भाऊ, आता मी धरते, तुम्ही आत जाऊन बाळाशेजारी उभे राहा. तो गेला. आतून त्याच्या बायकोचाच आवाज आला, "बापा! सारा मोगरा सुटला की घरात." बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मंग आता उन्हात जाऊ का?" जा ना भाऊ, चौकात लिंबाचं झाड आहे. आणि आल्यावर हात-तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा, मग लेकराला घ्यायचं. धूर कपड्याला चिकटून येतो. ओढणाऱ्या आई-बापाने बाळाला एकाच अंथरुणात घेऊन झोपणं तर फार धोक्याचं. झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका त्याने वाढतो. आमच्याकडे बाळ कुशीतच झोपतं, वेगळी खोली कुठून आणणार? म्हणून एवढं तरी ठरवा, की ओढणारा त्या अंथरुणावर नसेल. नवरा सव्वा महिना बाहेरच्या खोलीत झोपतो ही जुनी रीत, ती तेवढ्यापुरती चार-सहा महिने वाढवा, असं मी सांगते. सासवांना हे लगेच पटतं. कारण त्यांची वेगळी असतात.

धुरीबद्दल दोनच वाक्यं. बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून बंद खोलीत धूर करायचा, तोही धूरच आहे, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत म्हणजे विषारी वायू. शेक गरम कापडाने द्या, खिडकी उघडी ठेवा, ओव्याची पुरचुंडी नुसती उशाशी ठेवली तरी वास येतो.

ज्यांना फोनवर बोलायला जमेल त्यांच्यासाठी १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाइन, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. मी आता नंबर नुसता लिहून देत नाही, केंद्रातूनच लावून देते. कागद पर्समध्ये जातो आणि पर्समध्येच राहतो. पहिला फोन कोणाच्या तरी शेजारी बसून झाला तर दुसरा ती स्वतः करते. ज्यांना अजिबात जमत नाही, त्यांच्यासाठी निकोटीनची गोळी, च्युइंगगमसारखी. पण पाजणाऱ्या आईने ती डॉक्टरांना विचारूनच, आणि पाजून झाल्यावर. हळूहळू चावायची, चव आली की गालात दाबून ठेवायची. आमच्या बाया ती खर्ऱ्यासारखी कचाकचा चावतात आणि मग "पोटात जळजळ होते जी" म्हणून परत येतात. चावणं शिकवावं लागतं, हे मी नर्सिंगला कधी शिकले नव्हते.

आशाताईंना आणि आमच्या दुसऱ्या सिस्टरला कळावं म्हणून अशा आईच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक टिंब देते. शब्द लिहीत नाही, कार्ड घरात सगळे बघतात. टिंब दिसलं की पाचवा प्रश्न विसरायचा नाही, आणि सासूसमोर विचारायचा नाही, एवढंच आमच्यात ठरलंय.

मिरचीवाली साडेतीन महिन्यांच्या लसीला आली तेव्हा पुन्हा कामावर जायला लागली होती. आठवडाभरात दोन पन्न्या झाल्या, म्हणाली. एरवी दिवसाला तेवढ्या होत. ढिगापाशी ठसका लागतो म्हणून बाया तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळतात, आणि ओढणी बांधली की थुंकता येत नाही, म्हणून खर्रा तोंडात टाकता येत नाही, ही युक्ती तिची तिलाच सापडली. अडचण दुपारच्या सुट्टीत होते, सगळ्याजणी डबा उघडतात आणि मग पन्नी फिरते. तेव्हा ती शेपेची डबी पुढे करते. दोघी-तिघी घेतात, बाकीच्या हसतात. दोन पन्न्या कोणत्या दिवशी झाल्या ते विचारलं. एक नवऱ्याशी भांडण झालं त्या रात्री, डिकीची चावी तिला ठाऊक होतीच. दुसरी पगाराच्या दिवशी, खुशीत.

रागावले नाही. भांडण परत होणार, पगारही परत होणार, तेव्हा त्या दोन दिवसांचं काय करायचं ते ठरवलं. चावी आता तिच्या धाकट्या दिराकडे राहते, तो कुणालाच देत नाही म्हणे, भावालासुद्धा नाही. पगाराचं अजून जमलेलं नाही.

निघताना तिने कार्डाचा कोपरा माझ्यापुढे धरला. "सिस्टर, आता तरी हे टिंब पुसा न जी."

"गोवर-रुबेलाच्या लसीला ये, नवव्या महिन्याला. तेव्हा बघू."

"तवापर्यंत?"

"तोवर राहू दे."